गांधीजींचं बंदुकीवरचं वाक्य आणि आजोबांची ठासणीची बंदूक

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाची संहिता. 'अं' आणि 'म्हणजे' जमेल तेवढे गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉट्सॲप भांडणातून सुरू झालाय, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझा कॉलेजमधला एक मित्र टेक्सासला असतो. मागच्या दिवाळीत त्याने ग्रुपवर फोटो टाकला. घरात लक्ष्मीपूजन, आणि पुढच्याच फोटोत त्याने नवीन घेतलेलं पिस्तूल. झालं, ग्रुप पेटला. मी पण त्यात होतो. मी त्याला लिहिलं, "गांधींच्या देशातून गेलास आणि हे शिकलास का?" पाच मिनिटांत त्याने इंग्रजीतलं एक वाक्य पाठवलं, खाली नाव मोहनदास करमचंद गांधी. अर्थ असा, की इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांमध्ये सगळ्यात काळं कृत्य कुठलं, तर एका अख्ख्या राष्ट्राची शस्त्रं काढून घेणारा कायदा, आणि इतिहास त्याची नोंद तशीच घेईल.

मी लगेच 'फेक आहे' असं ठोकून दिलं. गांधी आणि बंदूक? असल्या फॉरवर्डमध्ये आइनस्टाइन काहीही बोलतो, बुद्ध काहीही बोलतो, त्यातलंच हे एक असणार. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट चालवतो म्हटल्यावर तपासावं तरी लागणारच. तपासलं. मंडळी, ते वाक्य खरं निघालं. गांधीजींच्या आत्मकथेतच आहे. अमेरिकेत बंदुकीच्या हक्काची बाजू घेणारे लोक ते वर्षानुवर्षं वापरत आलेत.

दुसरं कारण घरगुती आहे. त्याच महिन्यात आमचे आजोबा गेले आणि त्यांची बंदूक मागे राहिली. तिचं काय करायचं हा प्रश्न घरात अजून सुटत नव्हता. त्यामुळे माझ्यासाठी हा विषय नुसता वादाचा राहिला नाही. बंदुकीबद्दल आधी येतो, ती शेवटाकडे परत येईल.

१८७८ : एकाच महिन्यात दोन कायदे

सुरुवात १८५७ पासून करू. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी जिथे जिथे संशय होता तिथे हत्यारं गोळा केली, शस्त्रबंदीचे तात्पुरते कायदे केले. पण सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होणारा पक्का कायदा झाला तो १८७८ साली. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. हाच तो दिल्ली दरबारवाला. १८७७ च्या १ जानेवारीला दिल्लीत राणीला 'कैसर-ए-हिंद' जाहीर करण्याचा थाटमाट चालू होता, आणि इकडे दख्खनमध्ये माणसं दुष्काळाने मरत होती.

१८७८ च्या मार्चमध्ये लिटनच्या सरकारने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधन घालणारा कायदा केला. त्याच सुमारास शस्त्रांचा कायदाही आला. एकाने लिहिणाऱ्याच्या हातातली लेखणी धरली, दुसऱ्याने बाकीच्यांच्या हातातलं हत्यार. गंमत म्हणजे पुढे रिपन आला आणि वर्तमानपत्रांचा कायदा चार वर्षांच्या आत रद्द झाला. शस्त्रांचा मात्र राहिला. तो इतका चिवट निघाला की स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं तोच लागू होता.

कायद्यात होतं काय? परवान्याशिवाय हत्यार बाळगलंत किंवा घेऊन फिरलात तर तीन वर्षांपर्यंत कैद. लपवून ठेवलंत तर सात वर्षांपर्यंत. आता परवाना मागणं हे ऐकायला वावगं वाटत नाही, आजही लागतोच. खरी मेख सवलतींच्या यादीत होती. युरोपियन माणसाला परवान्यातून सूट. सरकारच्या मर्जीतल्या काही संस्थानिकांना, मानकऱ्यांना सूट. बाकीच्यांनी अर्ज करायचा, आणि देणं न देणं साहेबाच्या हातात.

म्हणजे बघा, नियम 'बंदूक धोकादायक आहे' असं म्हणत नव्हता. नियम म्हणत होता, 'तू धोकादायक आहेस.' तीच बंदूक गोऱ्या मळेवाल्याच्या खांद्यावर शिकारीची वस्तू, आणि शिरूरच्या शेतकऱ्याच्या खांद्यावर गुन्हा.

एक अपवाद सांगण्यासारखा आहे, तो म्हणजे कूर्गचा. तिथल्या कोडवा लोकांना १८६१ पासून शस्त्रांची सूट होती, कारण ते राजनिष्ठ समजले जात. ती सूट १८७८ चा कायदा आला तरी टिकली आणि स्वतंत्र भारतातही टिकली. २०१९ साली केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. सप्टेंबरच्या आसपास त्यांचा कैलपोद नावाचा सण असतो, त्यात बंदुकांना फुलं वाहतात. आपल्याकडे खंडेनवमीला कोयता, पहार, हल्ली मोटरसायकल आणि लॅपटॉपसुद्धा पुजतात, तसंच. पण सूट मिळण्याचं मूळ कारण विसरू नका. सरकारला त्या समाजाबद्दल भरवसा होता, इतकंच.

आणि कायद्याने बंडखोर थांबले का? पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके उभे राहिले. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेला माणूस. दुष्काळाने होरपळलेल्या मुलखातून रामोशी गोळा करून त्यांनी सावकारांवर आणि सरकारवर धाडी घातल्या. पुढे १८९७ मध्ये पुण्यात चाफेकरांनी रँडला गोळी घातली. १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आणलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक होतं. ज्याला गोळी घालायचीच होती त्याला हत्यार मिळत होतं. कायद्याचा काच पडत होता तो सरळ माणसाला, ज्याच्या शेतात रानडुक्कर येत होतं किंवा गावावर दरोडा पडत होता त्याला.

हे वाचताना मला क्षणभर वाटलं, अरे, हा तर टेक्सासवाल्याचाच मुद्दा झाला. 'बंदी घातली की सज्जनांच्या हातून बंदूक जाते, गुंडांच्या नाही.' हे वाक्य त्याने मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल. तर मुद्दा त्याचा आहे, हे मान्य करून पुढे जाऊ.

अपमान, बंदूक नव्हे

काँग्रेसचं तिसरं अधिवेशन १८८७ च्या डिसेंबरमध्ये मद्रासला भरलं. तिथे शस्त्रांच्या कायद्यात बदल करा असा ठराव झाला. आता ही काँग्रेस कोणाची? वकील, संपादक, डॉक्टर. यांतल्या कितींना बंदूक चालवता येत असेल देव जाणे. मग त्यांना हा ठराव का हवा होता?

त्या ठरावाचा रोख असा होता, की हिंदुस्थानी लोक राजनिष्ठ असताना हा कायदा त्यांच्यावर विनाकारण डाग लावतो. म्हणजे तक्रार हत्याराची कमी आणि डागाची जास्त होती. आजच्या भाषेत सांगायचं तर सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'कामवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये' अशी पाटी असते ना, तशी ती पाटी होती. ज्याला लिफ्टने जायचंच नाही त्यालाही ती वाचून लागतेच.

आता गांधीजींच्या वाक्याकडे येऊ. साल १९१८. पहिलं महायुद्ध शेवटच्या टप्प्यात. खेड्याचा सत्याग्रह नुकताच संपलेला. आणि गांधीजी त्याच खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरतायत, कशासाठी, तर इंग्रजांच्या सैन्यात भरती व्हा असं सांगायला! अहिंसेचा माणूस सैन्यभरती करतोय. लोकांनाही ते पचलं नाही. सत्याग्रहाच्या वेळी ज्यांनी फुकट गाड्या दिल्या, ते आता पैसे देऊनही गाडी देईनात.

तेव्हा काढलेल्या पत्रकात हे वाक्य आलं. त्याच्या पुढचा भाग फॉरवर्डमध्ये कोणी देत नाही. तो असा : हा कायदा रद्द व्हायला हवा असेल, शस्त्र चालवायला शिकायचं असेल, तर ही सोन्यासारखी संधी आहे, सरकारच्या अडचणीच्या वेळी आपण आपणहून मदत केली तर त्याचा अविश्वास जाईल आणि बंदीही उठेल. कमिशनरला हे पत्रक रुचलं नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलंय.

म्हणजे टेक्सासमध्ये ते वाक्य 'सरकारपासून वाचण्यासाठी बंदूक' या अर्थाने फिरतं, आणि मूळ पत्रकात ते 'सरकारच्या सैन्यात भरती व्हा' यासाठी आलंय. अगदी उलट टोक. मी मित्राला हे लिहिलं तर त्याने अंगठा पाठवला. वर जिंकल्याचा आनंद मला फार वेळ टिकवता आला नाही, कारण गांधीजी तिथे थांबलेच नाहीत.

१९३० च्या जानेवारीत, मिठाच्या सत्याग्रहाआधी, त्यांनी आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यात दारूबंदी होती, शेतसारा निम्मा करा होतं, मिठावरचा कर रद्द करा होतं. आणि शेवटची, अकरावी मागणी होती : स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, लोकांच्या नियंत्रणाखाली. मिठाची मागणी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बंदुकीची माझ्या शाळेच्या पुस्तकात तरी नव्हती.

त्या अकराव्या मागणीतले शब्द नीट बघा. 'स्वसंरक्षणासाठी', म्हणजे हेतू सांगितलाय. 'परवाने', म्हणजे मोकळं रान नाही. आणि 'लोकांचं नियंत्रण', म्हणजे साहेबाची मर्जी नाही. मला वाटतं या तीन शब्दांतच पुढच्या सगळ्या वादाचं बीज आहे.

१९२८ च्या नेहरू अहवालातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आला, नियमांना धरून. १९३१ च्या मार्चअखेर कराचीला काँग्रेस भरली. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी होऊन जेमतेम आठवडा झालेला. अध्यक्ष सरदार पटेल. तिथे मूलभूत हक्कांचा प्रसिद्ध ठराव झाला, आणि पुढे त्याचं जे पक्कं रूप ठरलं त्यात नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवलेला आहे. त्याच यादीत फाशीची शिक्षा रद्द करा हेही होतं. प्रौढ मताधिकार, मोफत प्राथमिक शिक्षण हेही होतं.

म्हणजे १९३१ ला कोणी पैज लावली असती, की स्वतंत्र भारताच्या घटनेत शस्त्राचा हक्क असणार का, तर 'हो' म्हणणारा जिंकेल असंच वाटलं असतं.

१ आणि २ डिसेंबर १९४८

आता आपण घटना समितीत आलो. मसुद्याचं कलम १३ चर्चेला आहे. आज आपण त्याला कलम १९ म्हणतो : भाषणाचं स्वातंत्र्य, एकत्र जमण्याचं, संघटना करण्याचं, देशभर फिरण्याचं वगैरे. त्यात आणखी एक हक्क जोडा, शस्त्र बाळगण्याचा, अशी दुरुस्ती हरी विष्णू कामत यांनी मांडली.

हे कामत भारी माणूस. जन्म मंगळूरचा. आयसीएस झाले, म्हणजे त्या काळची सगळ्यात मानाची नोकरी, आणि १९३८ मध्ये ती सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेले. घटना समितीत आले मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे आपला विदर्भ ज्यात होता त्या प्रांतातून. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करा अशी दुरुस्ती आणून नंतर सगळ्यांना पेचात टाकणारे हेच.

कामतांची दुरुस्ती 'वाट्टेल त्याला बंदूक द्या' अशी नव्हती. सार्वजनिक सुव्यवस्था आणि शांततेसाठी सरकारने कायद्याने बंधनं घालावीत, अशी सोय त्यांनी सोबत ठेवली होती. गांधीजींच्या अकराव्या मागणीच्या आणि कराचीच्या ठरावाच्या वाटेवरचीच ती मागणी होती.

उत्तर दिलं डॉ. आंबेडकरांनी. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ सांगतो. कोणीही बाजारात जाऊन आक्रमणाची सगळी साधनं विनाअडथळा विकत घेऊ शकेल असा हक्क दिला तर राज्यकारभार कसा चालणार, हे मला कळत नाही, असं ते म्हणाले. आणि मग त्यांनी प्रश्नच फिरवला. आपण आग्रह धरायला हवा तो व्यक्तीच्या शस्त्र धरण्याच्या हक्काचा नाही, तर कर्तव्याचा. युद्ध आलं, बंडाळी झाली, राज्याची सुरक्षितता धोक्यात आली, तर राज्याला प्रत्येक नागरिकाला शस्त्र धरायला बोलावता आलं पाहिजे. आणि ती तरतूद मसुद्याच्या कलम १७ मध्ये, सक्तीच्या श्रमाला बंदी करताना ठेवलेल्या अपवादात, आपण केलीच आहे.

दुरुस्ती फेटाळली गेली. साठ वर्षं काँग्रेसच्या व्यासपीठावर होत आलेली मागणी त्या दिवशी संपली.

का? मला आधी वाटायचं, उत्तर सोपं आहे. तारीख बघा. गांधीजींच्या खुनाला जेमतेम दहा महिने झालेत. ग्वाल्हेरला मिळवलेल्या बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या. खटला त्याच दिल्लीत लाल किल्ल्यात चालू आहे. मारणारा पुण्याचा, मराठी. त्यानंतर आपल्या गावागावांत ब्राह्मणांची घरं जळाली. फाळणीच्या कत्तली ताज्या. काश्मीरमध्ये लढाई चालू. हैदराबादची पोलीस कारवाई होऊन अडीच महिने झालेत, मराठवाड्यातल्या लोकांच्या डोळ्यांपुढून रझाकार अजून गेलेले नाहीत. अशा वेळी 'प्रत्येकाला बंदुकीचा हक्क' याला कोण हो म्हणेल?

पण हेच सगळं दुसऱ्या बाजूनेही वापरता येतं. रझाकार दारात आले तेव्हा गावकऱ्यांकडे बंदुका असत्या तर? फाळणीत पोलीस आलेच नाहीत, तेव्हा? म्हणजे नुसत्या परिस्थितीतून उत्तर निघत नाही. उत्तर देणारा माणूस कोण होता, हेही बघावं लागतं.

सुभेदाराचा मुलगा

इथून पुढचं माझं वाचन आहे, बाबासाहेबांनी त्या भाषणात हे सांगितलं असा माझा दावा नाही.

आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला, १८९१ चा. कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते, लढले, बढत्या मिळवल्या. मग इंग्रजांच्या डोक्यात 'लढाऊ जाती' नावाचं खूळ शिरलं, आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. शेवटी १९४१ मध्ये, परत युद्ध आलं तेव्हा, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत होते आणि त्यासाठी त्यांनी जोर लावला होता.

आता या माणसाच्या जागी उभं राहून विचार करा. काँग्रेसच्या वकिलाला 'आमची शस्त्रं काढून घेतली' हा अपमान वाटतो. पण महार सैनिकाच्या मुलाला सरकारने आणि समाजाने, दोघांनीही, 'तू शस्त्राच्या लायकीचा नाहीस' असं सांगितलेलं आहे. त्याच्या लेखी बाजारात जाऊन बंदूक घेण्याचा हक्क म्हणजे काय? बंदूक ज्याच्याकडे पैसे आहेत तो घेणार. गावात पैसे कोणाकडे? पाटलाकडे, सावकाराकडे, जमीनदाराकडे. कागदावर हक्क सगळ्यांना सारखा, गावात नळी कोणाकडे वळणार ते ठरलेलं. पण शस्त्र धरणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरलं, तर राज्याला महाराच्या पोराच्या हातातही रायफल द्यावी लागते, आणि त्याच रांगेत.

अमेरिकेच्या १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीतही सुरुवात शिस्तबद्ध नागरी सेनेपासून होते, आणि मग लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क येतो. हा हक्क सेनेचा का एकेकट्या माणसाचा, यावर तिकडे दोनशे वर्षं भांडण झालं, आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी एकेकट्या माणसाच्या बाजूने कौल दिला. आपण १९४८ मध्येच दुसरी वाट धरली.

म्हणून आपल्या घटनेतल्या हक्कांच्या प्रकरणात शस्त्र हा शब्द कुठे येतो ते शोधून बघा. कलम १९ मध्ये येतो : शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. आणि कलम २५ मध्ये शिखांची कृपाण, तीही धर्माच्या आचरणाचा भाग म्हणून. बस. जिथे कामतांना शस्त्राचा हक्क लिहायचा होता, त्याच कलमात आज 'विनाशस्त्र' लिहिलेलं आहे.

मग परवान्याचं काय?

१८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. गोऱ्यांची सूट गेली हे उघडच. पण त्यातली दोन कलमं मला आवडली. कलम १३ म्हणतं, की खरोखर पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना द्यायचा. म्हणजे हेतू खरा असेल तर अधिकाऱ्याची मर्जी मागे आणि तुमची गरज पुढे. आणि कलम १४ म्हणतं, की केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कोणाला परवाना नाकारायचा नाही.

आता गावात असं घडतं का? तुम्हीच सांगा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारा कोण असतो? परवाना हातात असणं ही आपल्याकडे कितीतरी ठिकाणी मोठेपणाची खूण आहे, गळ्यातल्या साखळीसारखी. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं केलं, तेव्हा बऱ्याच जणांची पंचाईत झाली.

आणि एक नियम, जो शोधताना मी खुर्चीतून उठलो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ मध्ये नियम झाले. त्यातला तिसरा नियम सांगतो, की अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात राज्य सरकारने बाकीच्यांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, आणि गरज वाटल्यास दलित-आदिवासींना जीव आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यावेत. म्हणजे जो प्रश्न १९४८ ला घटनेबाहेर ठेवला, तो नियमांच्या दारातून परत आत आला : पोलीस वेळेवर येणारच नसतील तर? याचं पूर्ण उत्तर आंबेडकरांच्या 'कर्तव्या'तही मला सापडत नाही. टेक्सासवाल्याच्या 'हक्का'त तर नाहीच, कारण तिथे परत पैशाचा प्रश्न येतो.

आजोबांची बंदूक

आता घरची गोष्ट. आमचं गाव राजापूर तालुक्यात. आजोबांकडे पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. वरून दारू ठासायची, छरे घालायचे, ठासायची सळई बाजूला ठेवायची, मग बार. काजू आणि भाताची राखण करायला. रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून बहुतेक वेळा ते नुसता आवाज करायचे. मी लहानपणी तिला हात लावला म्हणून आयुष्यातली एकुलती एक थप्पड खाल्ली. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि नेमकी त्याच महिन्यात माकडं काजूवर उतरायची. आजोबा म्हणायचे, "माकडांना आचारसंहिता कोण सांगणार रे?"

ते गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा झाली. वारसांपैकी कोणी परवाना मागायचा, नाहीतर सोडून द्यायची. मी पुण्याहून फोनवर ठाम सांगितलं : सोडून द्या. घरात हत्यार नको. काकांचं म्हणणं, माझ्या नावावर करू, घरातला मुलगा तू. मी हिंजवडीत दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. माझ्या अर्जात हेतू काय लिहायचा?

गप्प होती ती माझी चुलत बहीण, ताई. काजूची बाग गेली सात वर्षं तीच बघते. रात्री बॅटरी घेऊन मांगरात तीच जाते. शेवटी एकदा तिने मला फोन केला. म्हणाली, "तुझं ते ऐतिहासिक भाषण झालं असेल तर एक विचारू? राखण मी करते, मग माझं नाव कोणाच्याच तोंडात का येत नाही?"

मी या भागाची टिपणं काढत होतो. समोर कागदावर लिहिलेलं होतं, 'कायदा म्हणत होता, तू लायकीचा नाहीस.' आणि आम्ही घरातले तीन शिकलेले पुरुष तेच करत होतो. काकांना बंदूक मोठ्या घराची खूण म्हणून हवी होती. मला ती माझ्या तत्त्वासाठी नको होती. जिला तिचा खरा उपयोग होता तिला कोणी विचारलंच नव्हतं.

काका महिनाभर घुमसले. मलाही भीती वाटलीच, अजून वाटते. घरात बंदूक असणं म्हणजे रागाच्या, निराशेच्या एका क्षणी ती हाताशी असणं, हे मी ताईला स्पष्ट बोललो. ती म्हणाली, "माहीत आहे. म्हणून दारू आणि छरे वेगळ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे, आणि घरात कोणी पिऊन आलं तर त्याच रात्री बंदूक शेजारच्या गुरुजींच्या घरी नाही, ठाण्यात." तिने माझ्यापेक्षा जास्त विचार केलेला होता.

मागच्या महिन्यात मी ना हरकतीच्या कागदावर सही केली. अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी गेलाय. हेतूच्या रकान्यात तिने दोन शब्द लिहिलेत : पीक संरक्षण. चौकशी होईल, पोलीस घरी येऊन विचारतील, कदाचित नाहीही म्हणतील. विचारावंच त्यांनी. फक्त तिने शेत केवढं राखलंय ते विचारावं, घरात पुरुष कोण आहे ते नको.

टेक्सासच्या मित्राला ही सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "इतके कागद? इकडे मी अर्ध्या तासात घेतली." मी म्हटलं, "तोच तर फरक आहे." यावर आमचं परत जुंपलं, आणि ते भांडण अजून चालू आहे.

तुमच्या घरात, गावात अशी एखादी परवान्याची बंदूक असेल, तिची गोष्ट असेल, तर मला जरूर कळवा. निवडक गोष्टी पुढच्या भागात वाचून दाखवीन. पुढचा भाग लिटनच्याच दुसऱ्या कायद्यावर, वर्तमानपत्रांच्या. बंदुकीनंतर लेखणी. भेटू.